भाजीवाल्याच्या घरचा दौरा

आमच्याकडं आमदाराला कोणी आमदार म्हणत नाही, एमेले म्हणतात. एमेले गावात यायचा असला की दौरा आहे म्हणतात. हाच शब्द आम्हा बायकांच्या तोंडी दुसऱ्याच कामाला असतो. एखाद्याचे हातपाय ताठ झाले, डोळे फिरले, तोंडाला फेस आला, की आम्ही म्हणतो दौरा आला. माझ्या माहेरी, भीमपूरकडं, त्याला झटका म्हणायचे. त्यामुळं हा शब्द मला सासरी आल्यावर, सासूबाईंकडून कळला. नंतर थोड्याच दिवसांनी बाजारात भोंग्यावर ऐकलं, "कल एमेले साब का दौरा है." मला वाटलं, बिचाऱ्याला मिरगी असेल, आणि ती आदल्या दिवशी सांगून येत असेल. लाजेनं मी कोणाला विचारलं नाही. पुढं त्याचे दौरे पाहिले तेव्हा मी फार चुकले होते असं वाटलं नाही. दौरा असला की सगळं हापीस ताठ व्हायचं, डोळे फिरवायचं आणि तोंडाला फेस येईपर्यंत धावायचं.

आमचं भाजीचं दुकान बसस्टँडसमोर, चहाच्या हाटेलाला लागून. मधे टिनाची भिंत. पुढं नवरा गिऱ्हाईक बघायचा, मी मागं बसून मेथीच्या जुड्या बांधायची. परक्या माणसापुढं माझा घसा कोरडा पडतो, आजही पडतो. पण कान चांगले आहेत. हाटेलात तेलुगू पेपर यायचा. एक रिटायर मास्तर तो वाचून आपल्या लोकांना मराठीत सांगायचे. एका साली पेपरात आलं की आमच्या एमेल्यानं गुडघ्याचं दुखणं परदेशात जाऊन दाखवलं आणि सगळा खर्च सरकारकडून घेतला. सोबत बायको होती, मेव्हणाही होता. मेव्हण्याचा खर्चही त्याच बिलात.

"मेव्हण्याचा कोनता गुडघा दुखत होता मास्तर?" कोणीतरी विचारलं.

"ते पेपरात नाही."

"गुडघा एमेल्याचा अन लंगडला मेव्हना!"

"रेल्वे फुकट, फोन फुकट, हैदराबादले क्वार्टर. अन सभेत नुसतं बसाचा बी भत्ता भेटते म्हनते."

"बसाचा? मंग आमी काय करून राह्यलो सकाळपासून?"

"तू उधारीवर बसला बापू," हाटेलवाला म्हणाला, "तो भत्त्यावर बसला."

हसणं झालं, मग शिव्या झाल्या. एकानं बाकावर हात आपटला. "येऊ दे यंदा दौऱ्याले. गल्लीत उभा करतो अन विचारतो, तुह्या गुडघ्याचे पैसे आमी काऊन द्याचे?" त्याचा आवाज मी ओळखत होते. पुढल्या दौऱ्याला स्वागताच्या कमानीवर आंब्याची पानं बांधायला शिडीवर तोच चढलेला मी पाहिला. शिडी धरायला बाकावर बसणारे बाकीचे होते.

दौऱ्याच्या आधी गेस्ट हाऊसला चुना लागायचा. गल्लीतल्या टाकीत यायचं टँकरचं पाणी आधी तिथल्या हौदात जायचं. आमच्या दुकानातून निवडून गाजरं जायची, कारण साहेबांना कोशिंबीर लागते. तेवढं ठीक म्हणू, राजाला गाजर लागत असेल तर लागो. पण गावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर एक आणि जीप एक. दौऱ्याच्या दिवशी ती दोन्ही साहेबाच्या मागं फिरायची, त्याचं बीपी वाढलं तर म्हणून. माझ्या माहितीत त्याचं बीपी कधी वाढलं नाही. वाढायचं ते आमचं.

मी सांगते त्या दिवशी माझ्या धाकट्या जावेला आठवा महिना होता. पहिलटकरीण. तिच्या पायांवर सूज इतकी, की बोटातली जोडवी निघेनात. नर्सबाईनं सांगितलं होतं की आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात दाखवून आणा. दीर म्हणाला, बाजाराचा दिवस होऊन जाऊ दे. जाऊ मात्र हसरी. पाय लांब करून बसायची आणि म्हणायची, "जाऊबाई, माह्ये पाय बी परदेशात दाखवा ना. तुमाले मेव्हना म्हनून नेतो संग." आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायचो.

त्या दिवशी गावात बातमी होती की एमेले दुपारी एखाद्या गरिबाच्या घरी भाकरी खाणार आणि फोटो काढणार. कोणत्या गरिबाच्या, ते हापीसला माहीत नव्हतं. नवरा आणि दीर माल आणायला आदिलाबादला गेलेले. घरी आम्ही तिघी. जाऊ सकाळपासून म्हणत होती, डोकं ठणकून राह्यलं, डोळ्यापुढं काजवे येऊन राह्यले. ओट्यावर बसल्या बसल्या ती एकाएकी कलंडली. हात वळले, दात बसले.

"दौरा आला वं, दौरा!" सासूबाई ओरडल्या.

शेजारीण दवाखान्यात पळत गेली आणि तशीच परत आली. डॉक्टर नाही, जीप नाही, दोघंही शिवेवर साहेबाच्या स्वागताला. नर्सबाई म्हणाली, आदिलाबादला न्या, इथं काही होत नाही. बसगाड्या दौऱ्यामुळं गावात येतच नव्हत्या. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "मोठे, तू जाय. मंडल हापीसात जीप हाये. सांग त्यायले."

मी गेले. मंडल म्हणजे आमच्याकडचा तालुका. त्या हापीसाच्या पाट्या तेलुगूत, मी चौथीपर्यंत मराठी शिकलेली. कोणत्या दारात जायचं कळेना. एका टेबलाशी मोठा गुमास्ता बसला होता, त्याच्यापुढं हारांची टोपली. त्यानं वर न पाहता विचारलं, "क्या होना अम्मा?"

वाटेत मी सगळं जुळवून आणलं होतं. जाऊ, आठवा महिना, सूज, आदिलाबाद. त्याच्यापुढं उभी राहिले आणि घशातून एवढंच निघालं, "दौरा आला. भाजीवाल्याच्या घरी. गाडी पायजे, लवकर."

गुमास्ता खुर्चीवरून उडालाच. "भाजीवाले के घर? कब आया? बोले नहीं कोई!" मग त्यानं तेलुगूत जी आरोळी ठोकली तिनं सगळं हापीस उभं राहिलं. चपराशानं हारांची टोपली उचलली, दुसऱ्यानं थंडाच्या बाटल्या. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या जीपमध्ये गेल्या. मला काही कळायच्या आत मी ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते, वाट दाखवायला. आमच्या गल्लीतला एक म्हातारा आपल्या जमिनीच्या कागदासाठी त्या हापीसाच्या ओट्यावर किती महिन्यांपासून बसायचा. तो आ करून बघत राहिला. मला तेव्हा वाटलं, हापीस चांगलं आहे, उगाच नावं ठेवतात. बाईमाणसाचं दुखणं म्हटल्याबरोबर कसे धावले. खुर्च्या कशाला घेतल्या ते तेवढं समजलं नाही. एवढी भोळी होते.

घराशी जीप थांबली. गुमास्ता हातात हार घेऊन, वाकून दारातून आत शिरला. आत जाऊ भुईवर पडलेली, सासूबाईंच्या मांडीवर तिचं डोकं. गल्लीतल्या बायका भोवती.

"साब किधर हैं?" गुमास्ता म्हणाला.

"कोनता साब?" सासूबाई म्हणाल्या.

"दौरा..."

"हा काय दौरा! डोये फुटले काय तुहे? हार कोनाले घालतं रे, अजून जित्ती हाये ते!"

तेव्हा त्याला कळलं, आणि मलाही. त्यानं हार पाठीमागं लपवला. माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्याच्या घरात चोरी केली होती. मग त्याचा हापीसचा आवाज परत आला. ही गाडी दौऱ्यासाठी आहे, दुसऱ्या कामाला देता येत नाही, डिझेलचा जबाब द्यावा लागतो, एमारो साहेब, म्हणजे मंडलाचे तहसीलदार, विचारतील.

"डिझेलचा जबाब?" शेजारीण म्हणाली. "विमानाचा जबाब कोन देल्ला? मेव्हन्याचा कोन देल्ला?"

पेपरातली गोष्ट आमच्या बायकांनाही पाठ होती. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एकीनं जीपमधल्या खुर्च्या रस्त्यावर फेकल्या. दुसरी दारात आडवी उभी राहिली, गुमास्ता बाहेर जाऊ नये म्हणून. बाकावर हात आपटणारे पुरुष त्या वेळी कमानीखाली होते. ड्रायव्हर म्हातारा होता, मुसलमान. त्यानं आत डोकावून जावेकडं एकदा पाहिलं, बिडी विझवली आणि म्हणाला, "साब, दौरा बोलके निकले, दौरा बोलकेच जाना. उठाओ अम्मा को."

गुमास्ता दाराशी बाजूला सरकला. आम्ही जावेला उचलून मागं घातलं. सासूबाई डोक्याशी, मी पायाशी.

फाट्यावर हायवे लागतो. तिथं पोलिसानं हात आडवा केला. एमेल्याच्या गाड्या आदिलाबादकडून येत होत्या, त्या गावात वळेपर्यंत कोणाला सोडायचं नव्हतं. ड्रायव्हरनं बाहेर डोकं काढलं. "दौरे की गाडी है."

पोलीस हसला. "दौरा तो उधर से आरा. तू कौनसा दौरा लेके जारा?"

ड्रायव्हर उतरला. जीपच्या मागचं फडकं वर करून त्यानं पोलिसाला आत दाखवलं. पोलिसाचं हसणं गेलं, पण हात खाली आला नाही. "पाँच मिनट," तो म्हणाला. "मेरी नौकरी जाती भाई."

खऱ्या दौऱ्यापुढं आमचा दौरा चालला नाही. पाच मिनिटं म्हणता म्हणता उन्हं खिडकीतून माझ्या मांडीवर आली. जावेला आणखी एकदा झटका येऊन गेला. मग गाड्या आल्या. आधी भोंग्याची, मग काळ्या काचांची पांढरी, मग कार्यकर्त्यांच्या. काही जण टपावर बसून हात हलवत होते, आम्हालाही हलवले. सगळ्यांत शेवटी आमच्या दवाखान्याची जीप, लाल क्रॉसची. पुढं डॉक्टर बसलेला, मांडीवर बॅग. मागं, जिथं पेशंट निजवतात तिथं, चार माणसं नारळ फोडून खात होती. सासूबाई खाली उतरून "डॉक्टर, ओ डॉक्टर" करत रस्त्यात धावल्या. डॉक्टरनं पाहिलं. मी सांगते, त्यानं पाहिलं. ड्रायव्हरला काहीतरी म्हणालाही. पण पुढची गाडी थांबली नाही म्हणून तीही थांबली नाही.

आदिलाबादला जाऊ वाचली. मुलगी होती, ती पोटातच गेली. तिथली डॉक्टरीण रागावून म्हणाली, जरा आधी आणायला काय झालं होतं? तिला काय सांगणार, की एका माणसाला फोटोसाठी भाकरी खायची होती. भाकरी त्यानं खाल्ली, गेस्ट हाऊसच्या मागं वॉचमनच्या खोलीत. वॉचमनच्या बायकोला म्हणे आधी घरची भांडी बाहेर ठेवायला लावली आणि गेस्ट हाऊसची आणली. त्या दिवसाचा भत्ताही त्याला मिळाला असेल. का मिळू नये? दौरा तर झाला होता.

जाऊ शुद्धीवर येईपर्यंत पुरुष पोचले होते. बाहेर त्यांचं ठरलं की तिला देवाची मर्जी म्हणून सांगायचं. तिनं पोटाला हात लावला आणि सगळ्यांकडं पाहिलं. दीर म्हणाला, "देवाच्या मनात नव्हतं." त्याबरोबर माझ्या तोंडून निघालं, "देवाले काऊन मधात घेता?" आणि मी तिला सगळं सांगितलं. हापीस, हार, खुर्च्या, फाटा, पोलीस, नारळ खाणारे. नवऱ्यानं दोनदा खांदा दाबला तरी थांबले नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "एमेल्यानं पाह्यलं का आपली गाडी?"

"काचा काळ्या होत्या."

"म्हंजे त्याले माहीतच नाही," ती म्हणाली.

पुढं बरेच महिने गेले. इलेक्शन आलं तेव्हा एमेले गल्लीत पायी आला, हात जोडून, दारोदार. गुडघा बरा दिसत होता. हाटेलातले सगळे त्याच्या मागं. बाकावर हात आपटून 'विचारतो' म्हणणाराही होता, झेंडा घेऊन. आमच्या दारी जाऊ उंबऱ्यात उभी राहिली. आवाज चढवला नाही. "सायेब, तुमच्या दौऱ्यासाठी फाट्यावर आमची गाडी आडवली. माही पोरगी गेली त्याच्यात. तुमाले कोनी सांगतलं नसन म्हनून सांगतो."

त्यानं चेहरा पाडला, तो त्यांना पाडता येतोच, आणि मागं वळून म्हणाला, "लिखो, लिखो. नाम लिखो. मदद मिलेगी."

"लिहू नोका," जाऊ म्हणाली. "मदत नाही मांगली म्या. तुमी आयका फक्त."

पण त्याचे जोडलेले हात तोपर्यंत शेजारच्या दाराकडं वळले होते. शेजारणीनं ते दार त्याच्या तोंडावर लावलं. मग पुढचं लागलं, मग त्याच्या पुढचं. पुरुष रस्त्यात त्याच्या मागं, आणि बायका आत कड्या लावून. कडक उन्हाचे दिवस होते. तो गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत तसाच हात जोडून गेला आणि कोणी त्याला पाणी विचारलं नाही.

निवडून मात्र आला. मतं आमच्या एका गल्लीची नसतात. पण त्यानंतर आमच्या गल्लीत त्याचा दौरा झाला नाही, आणि त्यावाचून आमचं काही अडलं नाही.