केनियातली कोंबडी

५ मार्च. गच्चीवर गोधड्या वाळत घालत होते. शेजारच्या कमलमावशींच्या अंगणातून कोंबडा भाजल्याचा वास आला.

"रस्सा धाडू का गं वाटीभर?" त्यांनी खालून विचारलं.

"नको मावशी, ईस्टरपर्यंत आमचा उपास."

"लय लांबतो बाई तुमचा!"

त्या वासानं केनियातलं एक मातीचं घर आठवलं. पुष्कळ वर्षांपूर्वी लोणावळ्याच्या चर्चच्या मंडळीबरोबर मी तिकडे सेवेला गेले होते. इकडे भावाचं ऑपरेशन होतं, म्हणून मी ईस्टरपर्यंत मटण-कोंबडी सोडली होती. ज्या बाईकडे आम्ही प्रार्थनेला गेलो, तिनं आमच्यासाठी घरची कोंबडी कापली. माझ्या ताटात तंगडी आली. मी बरोबर आलेल्या आमच्या चर्चच्या पाळकांकडे पाहिलं.

"खा ताई, तिला वाईट वाटेल. भावाचं देव बघेल," ते हळूच म्हणाले.

मी खाल्ली. प्रत्येक घासाला भाऊ डोळ्यांपुढे येत होता. ती बाई मात्र नुसती वाढत होती. ती का जेवत नाही, असं विचारल्यावर दुभाषी म्हणाला, "त्यांचा ईस्टरपर्यंत उपास आहे."

तेव्हा मला तिचा रागच आला. आता वाटतं, माझ्या उपासाचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. भाऊ बरा झाला. पण देवाला तिचं पाळणं आवडलं की माझं मोडणं, हे मला आजही ठरवता येत नाही.

६ मार्च. सकाळी मी कोंबडी आणली, रस्सा केला आणि मावशींना डबा नेऊन दिला.

"मीठ इसरलीस व्हय गं?"

"चाखता आलं नाही, मावशी," म्हटलं आणि त्यांच्याच फळीवरचं मीठ काढून दिलं.