अक्का आणि वरून मिळालेला ड्राइव्ह

मुंबईच्या एका कंपनीने मला दोनदा फसवलं. एकदा माल देताना आणि एकदा माणूस नेताना. माल पुन्हा उभा राहिला, कारण अक्का होती. माणूस गेला तो गेलाच, कारण तो माणूस म्हणजे अक्का.

अक्का माझ्या जळगावच्या कॉम्प्युटरच्या दुकानात इंजिनिअर होती. मूळची साक्रीची, धुळ्याला शिकलेली, वयाने माझ्याहून पुष्कळ लहान. पण तिच्या घरच्या धाकट्या भावंडांचं ऐकून दुकान, गिऱ्हाइकं आणि शेवटी मीही तिला अक्काच म्हणू लागलो. तिला सुखाने चालणारं यंत्र बघवत नसे. नवीन मशीन बसलं, पूजा झाली, पेढे आले, की ही सगळ्यांसमोर त्याची वायर उपटायची. "चालतंय ते दिसतंच आहे, भाऊ. पडल्यावर उठतं का, तेवढं बघू द्या." गिऱ्हाइकाचा पेढा हातातच राहायचा.

एकदा आम्ही माझ्या जीपने भुसावळला निघालो होतो. नशिराबादला चहाला थांबलो, तर हिने विचारलं, "भाऊ, स्टेपनी आहे का?"

"मागे टांगलेली दिसत नाही?"

"टांगलेली दिसते. लावून दाखवा."

पहूरला रेडिओ दुरुस्त करत मी इथवर आलो. मला कोणी असं सांगावं? डोकं तापलं. भर उन्हात जॅक लावला, चाक बदललं, जीप खाली सोडली. स्टेपनी मुकाट्याने जमिनीला टेकली. अक्का इतकी हसली की चहावालाही गाळणी हातात धरून हसत उभा राहिला. "बठ्ठं बराबर शे भाऊ, फक्त हवा नाही!" खूश झाली की तिच्या तोंडी साक्रीची बोली यायची आणि 'सगळं'चं 'बठ्ठं' व्हायचं.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा जळगावच्या एका सहकारी बँकेचं काम मी मिळवलं. दोन सर्व्हर आणि दोघांत सामाईक अशी डिस्कची पेटी. एक सर्व्हर पडला तर दुसऱ्याने डिस्क ताब्यात घ्यायची आणि काम पुढे चालवायचं. माल मुंबईच्या त्या कंपनीचा. सौदा ठरल्यावर वरून काही घेतल्याशिवाय मी उठत नाही. भाजीवाल्याकडे कोथिंबीर, तर इथे एक जास्तीचा सीडी ड्राइव्ह. कंपनीच्याच माणसाने तो दुसऱ्या सर्व्हरमध्ये बसवला, "सगळं ओके" म्हणाला, आमच्याकडचं भरीत दोनदा वाढून घेतलं आणि गाडीत बसला.

बँकेचे चेअरमन आबा दाखवणीला आले. सोमवारपासून काउंटर नव्या मशीनवर जाणार होते. अक्काने नेहमीप्रमाणे पहिल्या सर्व्हरची वायर उपटली. दुसरा जागा झाला, त्याने डिस्क घेतली, दिवे लुकलुकले. आणि काउंटरवरचा कारकून ओरडला, "एकही खातं दिसत नाही!"

आबा माझ्याकडे वळले. "आज जमलं तर ठेवतो. नाहीतर दोन्ही मशीनं उचला, आणि मग खान्देशातल्या कुठल्या बँकेत तुम्हाला चहा विचारतात ते बघा."

मी फोन घेऊन मुंबईवर तोंड सोडलं. तिकडचा साहेब शांतपणे म्हणाला, "आमच्याकडून बरोबर आहे." मी रिसीव्हर आपटला. अक्का मात्र पहिला सर्व्हर पुन्हा चालू करून दोन पडद्यांमध्ये मान फिरवत बसली होती. मग हळूच म्हणाली, "भाऊ, दुसऱ्या मशीनमध्ये हा जास्तीचा ड्राइव्ह कसला?"

"तो मी वरून घेतला. फुकट!"

अक्का टेबलावर डोकं ठेवून हसली. "पहिल्या मशीनवर सामाईक डिस्कचं अक्षर, म्हणजे तिचा पत्ता, आहे ई. दुसऱ्यावर ई या फुकट्याने आधीच बळकावलं, म्हणून डिस्कला मिळालं एफ. बँकेचा प्रोग्रॅम बिचारा ईच्या दारात उभा राहून हाका मारतोय, आणि आत बसलाय सीडी ड्राइव्ह! दोन्हीकडे एकच अक्षर लागतं, हे बसवणाऱ्याने बघायला नको?"

तेच तर माझं म्हणणं. मी मागितला, हा माझा धंदा. बसवताना बघणं त्यांचा धंदा.

अक्काने फुकट्याला पार शेवटच्या झेडवर धाडलं, डिस्कला ई दिलं आणि पुन्हा वायर उपटली. काउंटरचा पडदा जरा थबकला. मग खाती आली आणि पासबुकाचा प्रिंटर करकरायला लागला. आबा खुर्चीतून उठले. "थांबा, आते मी उपटस!" बँकेचा चेअरमन लहान पोरासारखा कधी ही वायर, कधी ती वायर काढत होता आणि दर वेळी टाळ्या वाजत होत्या. पेढे मीच मागवले.

ही गोष्ट मुंबईला पोचायला वेळ लागला नाही. त्याच साहेबाने अक्काला नोकरीला बोलावून घेतलं. स्टेशनवर मी भांडायलाच गेलो होतो. "दुकानाचं काय?"

ती खिडकीतून म्हणाली, "तेच बघायचंय भाऊ. मला काढल्यावर चालतं का!"

चालतंय. तिने शिकवलेली माणसं आजही पेढ्यांआधी वायर उपटतात, आणि मी दर उन्हाळ्यात स्टेपनी लावून बघतो. पण हिशेब मिटलेला नाही. त्या साहेबाने जळगावला यावं, माझ्यासमोर बसावं आणि सांगावं: अक्का नेलीत ती नेलीत, वरून काय देता?