मुकादमाने परत आणलेलं पुस्तक

परवा चौसाळ्याजवळच्या आमच्या गावातल्या वाचनालयाचं कपाट झाडताना एका पुस्तकातून तंबाखूचा उग्र वास आला आणि तो मुकादम आठवला. ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गोष्टींचं ते पुस्तक आम्ही तेव्हा नवीनच घेतलं होतं. टोळ्या कारखान्याला नेणारा हा मुकादम, मी हिशेबनीस असलेल्या वाचनालय समितीच्या बैठकीत, ते आपटून म्हणाला, "सगळं खोटं हाय. हे वाचल्यावर माझी आगाऊ उचल घेऊन कोन येईल ऊस तोडायला? काढून टाका." कुठं खोटं आहे ते दाखवतो म्हणून तो पुस्तक घरी घेऊन गेला. ते आता चुलीतच जाणार, असं मी धरून चाललो. पण आठवड्याने तो स्वतःच आला आणि म्हणाला, "ठेवा कपाटात." माझा विश्वास बसेना. मी त्याच्यासमोरच पानं मोजायला लागलो. "मोजा, हिशेबनीस, मोजा," तो म्हणाला. एकही पान फाडलेलं नव्हतं, एकही ओळ खोडलेली नव्हती. त्यामुळे माझा संशय आणखी वाढला. "मग मत कावून बदललं?" मी विचारलं. तंबाखू मळता मळता तो म्हणाला, "मायला वाचून दावलं. म्हनलं, बघ, कसं खोटं लिवतेत. तर म्हनली, यात खोटं काय हाय? तुला म्या उसाच्या फडातच जलम दिला अन् दुसऱ्या दिशी कोयता धरला. उलट मुकादमाला शिव्या लई कमी घातल्यात म्हनली." त्यानंतर परत आलेल्या कुठल्याच पुस्तकाची पानं मी मोजली नाहीत. आता कुणी एखादं पुस्तक काढा म्हणालं, की मी एवढंच विचारतो, घरी कुणाला वाचून दाखवलंत?