जमिनीत ठेवलेला उन्हाळा

जळगावात राहून उन्हाळ्याची वाट पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे फुवा. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या यजमानांना फुवा. होळी झाली की सगळं शहर माठ, टोपी आणि उपरणं शोधायला लागायचं. फुवा मात्र वऱ्हाड यायच्या दिवशी यजमान फिरावा तसे हात चोळत अंगणात फिरायचे आणि आभाळाकडे बघून म्हणायचे, "येऊ दे यंदा, भरपूर येऊ दे. आपल्याकडे जागा आहे." नवख्या माणसाला वाटायचं, हे पावसाबद्दल बोलताहेत. फुवा उन्हाबद्दल बोलत असायचे.

त्यांचं बोअरच्या मोटारी आणि शेतीच्या नळ्या विकायचं दुकान होतं. दुकान चालायचं, कारण जळगावात नळीशिवाय कोणाचं चालत नाही. पण फुवांचं लक्ष गिऱ्हाइकापेक्षा त्याच्या विहिरीवर जास्त. सदऱ्याच्या खिशात ते कायम दोरी बांधलेला तापमापक ठेवत आणि दिसेल त्या विहिरीत सोडत. एकदा मुक्ताईनगरला दर्शनाला जाताना त्यांनी वाटेतल्या एका गावात गाडी थांबवून विहिरीत दोरी सोडली. वर काढून आकडा वाचेपर्यंत मागे रांग लागली होती. गावकऱ्यांना वाटलं, सरकारी पाहणी आली. एक आबा सातबारा घेऊनच आले. फुवांनी त्यांना निराश केलं नाही. "आबा, तुमच्या विहिरीत बाराही महिने एकच हवामान आहे," असं त्यांनी जाहीर केलं. आबा म्हणाले, "ते ठीक, पण मंजूर कधी होईल?"

एकच हवामान हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. मी लहानपणी मे महिन्यात धुळ्याहून त्यांच्याकडे जायचे, तेव्हा ते मला बोअरच्या पाण्यात हात घालायला लावत. "कसं आहे?" "गार." दिवाळीनंतर गेलं की पुन्हा तेच. "कसं आहे?" "कोमट." मग ते खूश होऊन सांगत, "पाणी तेच आहे पोरी. तुझा हात बदलला. वर आपण भाजतो, कुडकुडतो; खाली पुरुषभर गेलं की जमिनीला या भानगडी माहीतच नाहीत."

दुसरी आवड फ्रिजची. फ्रिज पुढून उघडायची वस्तू आहे हे त्यांना मान्य नव्हतं. कोणाच्याही घरी गेले की ते आधी फ्रिजच्या मागे हात लावत. पुतण्यासाठी अमळनेरला मुलगी बघायला गेलो, तर पोहे यायच्या आत फुवा स्वयंपाकघरात. मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला. "काही खोट आहे का भाऊ?" त्यांनी दबकत विचारलं. "छे, छे. फारच छान तापलाय," फुवा म्हणाले, आणि मग त्या घाबरलेल्या मंडळींना त्यांनी समजावून सांगितलं, की फ्रिज थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलतो आणि मागे नेऊन टाकतो. तो नुसता हमाल आहे. लग्न जमलं. मुलगी आजही म्हणते, तिला नवऱ्याच्या आधी चुलतसासरे आवडले.

हे सगळं गमतीचं होतं. मग एका मे महिन्यात फुईला ऊन लागलं. गच्चीवर बिबड्या घालत होती. ज्वारीच्या या पापडांना कडक ऊन लागतं, आणि फुईला स्वतःपेक्षा बिबड्यांची काळजी. ती तिथेच कोसळली. आठवडाभर दवाखान्यात काढल्यावर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुढचा उन्हाळा या घरात असा काढता येणार नाही. कूलरच्या ओल्या हवेनं तिला धाप लागायची. पुण्याचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, म्हणाला, "घर बंद करा आणि दोघंही माझ्याकडे या, कायमचे."  फुईनं नुसतं खिडकीकडे पाहिलं.

त्या खिडकीचं सांगायला हवं. फुईच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि शेजारच्या अक्कांची खिडकी समोरासमोर. मध्ये हातभर बोळ. लग्न होऊन आल्यापासून या दोघींचं सगळं आयुष्य त्या बोळावरून इकडून तिकडे गेलेलं. वाटीभर डाळ, सुनांच्या तक्रारी, रडणं, हसणं, सगळं. पुढच्या होळीच्या सुमारास फुवांनी आधी सरळ एसी बसवला. त्याचं बाहेरचं यंत्र बसायला जागा एकच, तो बोळ. दुसऱ्याच दिवशी अक्कांची खिडकी बंद झाली, कारण इकडची सगळी धग तिच्यात जाऊ लागली. अक्का बोलल्या नाहीत, पण खिडकी उघडलीही नाही. चौथ्या दिवशी फुईनं बटण बंद केलं. "तिना घरमा आग टाकीसनी मी गार बसू का?" एवढंच म्हणाली.

फुवा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझा फोन वाजला. "पोरी, तू कामाचा क्रम चांगला लावतेस. ये." मी गेले. त्यांनी अंगण दाखवलं. "उष्णता बाहेर टाकावीच लागते ना? मग अक्कांच्या अंगावर कशाला? जमिनीला देऊ. अंगणाखाली नळीची वेटोळी पुरायची, आत पाणी फिरत ठेवायचं. यंत्र घरातली धग उचलून त्या पाण्याला देणार, पाणी ती जमिनीत सोडून गार होऊन परत येणार. हिवाळ्यात खटका फिरवला की उलटं. जमिनीतली ऊब घरात." मी विचारलं, वीज लागणारच ना? "लागणार. पण हमालीपुरती. माल जमिनीचाच."

मी क्रम लावून दिला. आधी खंदक, मग नळ्या, मग पाणी भरून चोवीस तास गळतीची चाचणी, आणि मगच माती. यंत्र धुळ्याच्या एका फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून बांधून घेतलं. त्याच्या खटक्याच्या दोन बाजूंना फुवांनी स्वतः रंगानं 'उन्हाळा' आणि 'हिवाळा' असं लिहिलं. नळ्या दुकानाच्या गोदामातल्याच. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं आणि मध्ये आखाजी आली. खान्देशात अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधले जातात. आमच्या फुईच्या कडुनिंबाखाली पुरुषभर खोल खंदक होता. "लेकी झोका काय खड्डामा खेळतीन?" फुईनं विचारलं. फुवांनी चाचणी गाळली आणि रातोरात माती ओढली. मला कळवलंही नाही.

यंत्र सुरू झालं आणि घर खरंच निवलं. खोलीतली हवा अंगावर यायची नाही, नुसती शांत व्हायची. फुईला धाप लागेना. अक्कांची खिडकी उघडली, आणि बंद पडलेलं बोलणं मधल्या सगळ्या दिवसांची भरपाई करत सुरू झालं. फक्त नळ्यांना पाणी पुरवणारी छोटी टाकी रोज सकाळी अर्धी रिकामी सापडायची. फुवांनी कावळ्यांवर संशय घेतला, मग दुधवाल्यावर. शेवटी म्हणाले, "जमीन नवी आहे, पिते थोडं."

मग एके दिवशी अक्का खिडकीतून ओरडल्या, "भाऊ, तुमच्या मशीननं माझ्या कुंपणालगतच्या लिंबोणीला काय केलं? वाळून कोळसा झाली होती, भर उन्हाळ्यात फुललीय!" फुवा कौतुक ऐकायला पुढे सरसावले. फुईनं मात्र गोदामात उरलेला नळीचा तुकडा उचलला, उजेडात धरला, बोटानं चाचपला आणि शांतपणे म्हणाली, "अहो, ही तं ठिबकनी नळी शे."

जन्मभर नळ्या विकलेल्या माणसानं, हातभर अंतरावर छिद्रं असलेली केळीच्या मळ्यातली नळी, पाणी कोंडून ठेवायला पुरली होती. धुळीनं माखलेली दोन बंडलं साध्या नळ्यांत मिसळली होती. फुवा कडुनिंबाखाली बसून राहिले. हसायची कोणाची हिंमत होईना. शेवटी अक्काच हसल्या, मग फुई, मग ते स्वतः. पण प्रश्न गंभीर होता. भर मे महिन्यात खंदक उकरायचा तर यंत्र बंद ठेवावं लागणार, आणि दादा आईला न्यायला पुण्याहून गाडी घेऊन निघालाच होता. टाकी भरत राहायचं तर पाण्याची नासाडी, आणि ती फुवांना सोसवत नव्हती.

आणि तेव्हा त्यांना आठवलं की ठिबकची नळी चोंदते. आमच्या भागातलं पाणी क्षाराचं. शेतकरी त्या छिद्रांपायी रडकुंडीला येतात. फुवांनी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना नळ्या ॲसिडनं धुवायला शिकवलं होतं. आता ते शहरातलं सगळ्यांत खारट पाणी शोधायला निघाले. ज्या बोअरवर डाळ शिजत नाही, तिथून कॅन भरून आणत आणि टाकीत ओतताना हात जोडत, "चोंद बाई, चोंद." दादा आला तेव्हा वडील टाकीत काठी घालून पाण्याची उंची पाहत होते. त्यानं आईची बॅग भरायला घेतली. फुई म्हणाली, "दोन दिस थांब. त्यास्नी नळी चोंदू दे." दादानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "थांब." तो चिडून थांबला. चौथ्या दिवशी सकाळी टाकीतलं पाणी रात्री होतं तिथंच होतं. फुवांनी काठी सगळ्यांना दाखवली, अक्कांना खिडकीतून. दादा एकटाच पुण्याला परतला. जाताना गाडीत अक्कांनी दिलेली लिंबोणीची फुललेली डहाळी होती.

त्यानंतरचे सगळे उन्हाळे फुई आपल्या घरात राहिली. होळीनंतर खटका 'उन्हाळ्या'कडे आणि दिवाळीनंतर 'हिवाळ्या'कडे, हा आमच्या घरातला एक सणच झाला. पौषात दात वाजायला लागले की फुवा खोलीत यंत्राची हवा सोडणाऱ्या जाळीपाशी बसत आणि हात शेकत म्हणत, "मे महिन्याचंच ऊन आहे हे. आपणच ठेवलेलं." खरं सांगायचं तर किती ऊन टिकतं, किती मुरून जातं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला हिशेब पक्का लागतो; पण तिथं मी तो केला नाही.

परवाच्या दिवाळीनंतर त्यांनी खटका फिरवला आणि महिनाभरात ते गेले. फार दुखणं नाही, त्रास नाही. तेराव्यानंतर दादानं पुन्हा बॅग काढली. थंडी कडाक्याची होती. फुई जाळीपाशी फुवांच्या जागेवर बसली होती, पाय वर घेऊन. "आई, आता एकटी कशी राहशील? चल." फुईनं जाळीवर हात ठेवला. "त्यास्नी जमीनमा ऊब भरी ठेयेल शे," ती म्हणाली. "ती सरनी का येसू." ऊब सरली की येईन, एवढाच तिचा वायदा. दादानं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी 'थांब' म्हणायच्या आतच त्यानं बॅग परत ठेवली.

माघात त्यानं फोन करून विचारलं, संपली का? नाही म्हणाली. फाल्गुनात मी केला. पलीकडून अक्कांचा आवाजही येत होता. बिबड्यांसाठी ज्वारी कधी भिजवायची यावर दोघींचं चाललं होतं. मी विचारलं, "फुई, सरली का गं ऊब?"

"सरत आली होती माय," फुई म्हणाली. "पन काल होळी झायी ना. मीच खटका उन्हाळाकडे फिरायी दिधा. आते परत भराले लागनी."