हिरोला हाक देणारी मावशी

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. गावात केबल आली होती, तरी बाजाराच्या दिवशी केजच्या टॉकीजमध्ये दुपारी ऐंशीच्या दशकातला तोच मारधाडीचा सिनेमा लागायचा आणि टॉकीज भरायची. ती पुढच्या बाकावर बांगड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसायची. गुंड चाकू घेऊन हिरोच्या पाठीमागून आला, की टोपली सावरत अर्धी उठायची आणि ओरडायची, "आरं, मागं बघ!"

एकदा मी हसून म्हणालो, "मावशी, तो वाचतो. दरवेळी बघता की."

"वाचतो ते मला बी ठावं हाय," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "म्हणून गप बसू व्हय?"

पुढे एका बाजारी मी रस्त्यात मित्राशी गप्पा मारत उभा होतो. अचानक तीच हाक आली. मी बाजूला उडी मारली आणि रिव्हर्स येणारी भरलेली जीप माझ्या जागेवरून गेली. आभार मानायला गेलो, तर ती एका पोरीच्या हातात बांगडी चढवत होती. "हात हलवू नको," तिनं पोरीला दटावलं. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या बाजारी पडद्यावर गुंड चाकू घेऊन आला, तेव्हा तिच्याआधी मीच ओरडलो.