घोडेगावपर्यंतचं फुल तिकीट

मिला आणि यान, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. फोन जसं भाषांतर करून देईल तसं वाचा. या पानावर इतरही लोक आपापले अनुभव टाकतात. ते मी वाचते आणि बहुतेक वेळा मनातल्या मनात लाल शाईने चुका काढते. हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत होते तेव्हा वर्गात कुणी भुताखेतांचं काढलं, तर त्याला मी बाकावर उभं करायची. आमच्या सोनईपासून शिंगणापूर हाकेच्या अंतरावर, तरी दाराला लिंबू-मिरची मी कधी बांधू दिली नाही. आजही बांधत नाही. त्यामुळे पुढचं वाचून आजीचं वय झालं असं म्हणू नका.

तुमचे पप्पा, माझा थोरला अजित, तुमच्या आईशी लग्न ठरल्याचं सांगायला आला होता, तेव्हा घरात फार वाजलं. तो परत निघाला तर तुमचे आजोबा त्याच्या मागोमाग एस.टी. स्टँडवर गेले आणि चारचौघांत म्हणाले, "तिला आणणार असशील, तर या स्टँडवर उतरायचं नाही."

अजित म्हणाला, "एकटासुद्धा उतरणार नाही, अण्णा."

मी मध्ये पडले. दोघांपैकी कुणी ऐकलं नाही.

त्यानंतर तो भारतात आला की घोडेगाव फाट्यावर उतरायचा. नगरहून येणारी गाडी तिथे हायवे सोडून सोनईकडे वळते. मी रिक्षा करून जायची, हॉटेलच्या बाकड्यावर आम्ही मायलेक चहा प्यायचो, आणि तो उलट्या गाडीने परत. आजोबा वारले, तरी हे चालूच. "आता कुणाला दाखवतोस?" मी विचारायची. तो हसायचा. पोटच्या मुलाला भेटायला फाट्यावर जाणारी आई पंचक्रोशीत मी एकटीच असेन.

मागच्या वर्षी तो तिकडेच, ऑफिसात बसल्या जागी गेला. तिकडे राख महिनाभर घरच्यांना देत नाहीत म्हणे. तोही नियम मी पाळला, म्हणजे वाट पाहिली. मग तुम्हाला दुसऱ्या आजीकडे ठेवून तुमची आई, हाना, एकटी अस्थी घेऊन निघाली. मला एकच हवं होतं. प्रवरासंगमावर नेण्याआधी तो एकदा स्वतःच्या घरात यावा.

तुमचा काका सुधीर सुप्याला कंपनीत आहे. दारात गाडी आहे. त्याला म्हटलं, वहिनीला पुण्याहून घेऊन ये. "आई, शिफ्ट आहे. टॅक्सी करू दे ना तिला, युरोमध्ये कमावते," असं म्हणाला. हानाची पुणे-नगर गाडी त्याच्या कंपनीवरूनच गेली. हात करायलाही बाहेर आला नसेल. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मी स्टँडपलीकडे जाऊ शकत नव्हते. टॅक्सीला मीच नको म्हटलं. अनोळखी माणसाबरोबर एकट्या बाईने का जावं?

मग हानाला इंग्रजीत मेसेज लिहिला. नगरला तारकपूर स्टँडवर उतर. तिकिटाचं मशीन शोधू नकोस. सोनईच्या गाडीत बस. कंडक्टर तुझ्या सीटपाशी येईल. 'सोनई' म्हण. बायकांना आमच्याकडे अर्धं तिकीट असतं, जास्त देऊ नकोस.

एवढं लिहूनही ती स्टँडवर भिंती बघत फिरली. तिकडे तुम्ही कार्ड टेकवता आणि दार उघडतं. इथे चौकशीच्या खिडकीतला माणूस हाताने नुसतं "तिकडं" दाखवतो. गोरी बाई दिसल्यावर जीपवाल्यांनी घेरलं, "मॅडम, शिंगणापूर! चला, शिंगणापूर!" एकाने बॅगेला हातही घातला. त्याच बॅगेत अजित होता. ती ओरडली, तसे ते हसत बाजूला झाले. शेवटी गाडीत बसली, पण तिकीट नाही म्हणून जीव मुठीत. तिकडे विनातिकीट बसलं की दंड होतो ना!

इकडे मी दुपारपासून सोनईच्या स्टँडवर. उन्हं कलली तशी गाडी आली. हाना बॅग पोटाशी धरून उतरली. मी तिला जवळ घेते न घेते तोच कंडक्टर खाली आला.

"आजी, ह्या मॅडम तुमच्याकडच्याच का?"

"माझी सून."

"मग पोरगं तुमचं लई न्यारं हाय बघा! बायकोला एकटी सोडून घोडेगावला उतरलं."

"कोण उतरलं?"

"ह्यांचे मालक की. शेजारी तर बसले हुते. मॅडमला कायबी बोलता येईना, त्यांनीच सांगितलं, एक फुल घोडेगाव, एक हाफ सोनई. उतराय लागले तवा मी म्हनलं, सायेब, मॅडमला भाषा येत न्हाई, तुमी कुठं निघाला? तर म्हनले, मी त्या स्टँडवर उतरत न्हाई. आई हाय तिथं."

मी आणखी काही विचारणार, तेवढ्यात वरून ड्रायव्हरने हॉर्न मारला. "अय, चल की! सासू-सुनंचं मिटंल घरी!" कंडक्टर हसत चढला, गाडी गेली.

हानाला मी इंग्रजीत विचारलं, बरोबर कोण होतं? कुणी नव्हतं, ती म्हणाली. पाचशेची नोट पुढे केली, 'सोनई' म्हटलं, तर कंडक्टर तिच्या शेजारच्या सीटकडे बघून काहीतरी बोलला आणि दोन तिकिटं फाडून दिली. तिला वाटलं, दुसरं बॅगेचं असेल. मग तिने खालमानेने आणखी एक सांगितलं. गाडीत माणसं उभी होती. शेजारची सीट रिकामी, पण कुणी बसेना. जवळ यायचे, बघायचे, पुढे सरकायचे. "मला वाटलं, मी परकी म्हणून," ती म्हणाली.

तिकिटं मी तिथेच चष्मा लावून वाचली. एक महिला सवलतीचं, सोनईपर्यंत. दुसरं फुल, घोडेगावपर्यंत. बाई एकटी असेल तर फुल तिकीट निघायचं कारणच नाही. माझ्या मेसेजमध्ये घोडेगावचं नावही नव्हतं, आणि हानाला ते गाव माहीत नाही. अजितने तिला फाट्याबद्दल कधी सांगितलं नव्हतं. लाज वाटली असेल. स्वतःची की माझी, ते आता कोण सांगणार?

कंडक्टरचं बटण चुकलं असेल, असं सुधीर म्हणतो. मग त्याच्या तोंडचं बोलणंही बटणातून आलं का? यावर तो फोन ठेवतो. पुढे तोच कंडक्टर मला स्टँडवर पुन्हा दिसला. पर्समध्ये अजितचा फोटो होता. काढला नाही. तो 'हे नव्हेत' म्हणाला असता तर मला घरी जाववलं नसतं, आणि 'हेच' म्हणाला असता तरीही.

त्या रात्री अस्थींचा डबा देवघरापुढे ठेवला, दिवा लावला. हाना शेजारी जमिनीवरच झोपली. सकाळी सुधीर आला, गाडी घेऊन, अंगात पांढरा शर्ट. आम्ही संगमावर गेलो. सगळं रीतसर झालं. लोक म्हणाले, शेवटी लेक घरी आला हो बाई तुमचा.

तिकिटांची छपाई आता उडत चालली आहे, या मशीनच्या कागदांचं तसंच होतं. झालं त्याचा उलगडा माझ्याकडे नाही, आणि कुणी करून दिला तरी मला तो पटेल असं वाटत नाही. पण कंडक्टरचं खरं धरलं, तर अजित घोडेगावलाच उतरला. मग माझ्या देवघरापुढे रात्रभर होतं, ते काय होतं?

आई स्टँडवर आहे, हे त्याला ठाऊक होतं. तरी उतरला नाही.