गठुडीचे टाके आणि ह्यांची शिवण

आमचे हे सोफे शिवतात. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा, दवाखान्यातली बाकं, माणसाच्या बुडाखाली जे जे येतं ते सगळं ह्यांच्या हाताखालून गेलेलं असतं. घराचा पुढचा मोठा खण म्हणजे दुकान आणि मागच्या दोन खोल्या म्हणजे आम्ही. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, सोफेवाल्याच्या घरात पडतेय, आता जन्मभर मऊ मऊ बसायला मिळणार. कसलं काय! आमच्या घरात आजवर आमचा म्हणून एकही सोफा नाही. गिऱ्हाइकांचे येतात, वाटेत आडवे पडतात, माझ्या गुडघ्यांना लागतात, आणि चांगले झाले की निघून जातात.

ह्यांना सैल काही म्हणून खपत नाही. पलंगावरची चादर अशी ताणून खोचतात की आत पाय घालायचा म्हणजे झटापट. दोरीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा जाता-येता ओढून सरळ करतात. काम पुरं झालं की तळवा पसरून गादीवर दाबायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "टणक." ह्यांच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही. माझ्या स्वयंपाकाच्या वाट्याला ती कधी आली नाही, आणि आली असती तर बरं दिसलं नसतं. शेवटची शिवण तर अशी घालतात की बघणाऱ्याने बोटं फिरवत बसावं. "उघडताच येऊ नये असं बंद करायचं," म्हणतात.

स्वभाव म्हणाल तर मिठाची गुळणी. कामाच्या वेळी ओठांत बारीक खिळे धरलेले असतात आणि एरवीही ते असल्यासारखेच वागतात. आणि चुकलं म्हणायचं तर नावच नको. एकदा कुणाचा निळा कोच हिरव्या कापडात मढवून ठेवला, तर त्या माणसालाच म्हणाले, "उजेडात नेऊन बघा." तो बिचारा उजेडात नेऊन बघत बसला!

असा हा माणूस बोलायचा फक्त गठुडीशी.

गठुडी म्हणजे आमची कुत्री. बंद पडलेल्या एका हॉटेलचा कोच दुरुस्तीला आला होता. ह्यांनी त्याची पाठ उसवली, तर आतल्या काथ्यात एक पिल्लू, अंगाचं मुटकुळं करून झोपलेलं. आई कुठे गेली, बाकीची भावंडं कुठे गेली, काही पत्ता नाही. मी म्हटलं, "अहो, हे काय नवीन?" तोंडात खिळे होते, त्यामुळे उत्तर मिळालं नाही. पिल्लू शर्टात गेलं आणि राहिलं ते राहिलंच. तिच्याशी मात्र ह्यांचं अखंड चालायचं. "गठुडे, ही स्प्रिंग बघ, मेली कशी रुसलीय." "गठुडे, आज आपली बाई काही जेवली नाही, डोकं धरून बसलीय, जरा जाऊन बस तिच्याजवळ." मी मागच्या खोलीतून ऐकायची. ह्या माणसाचं माझ्याकडे लक्ष असतं हे मला ह्यांच्या तोंडून कधी कळलं नाही, गठुडीला सांगताना कळलं. माझ्या वाट्याचं बोलणं मी तिच्याकडून उसनं घेत होते म्हणा ना.

गठुडी वयात आली आणि गल्लीतले यच्चयावत कुत्रे दारात येऊन बसायला लागले. नुसते बसले असते तर चाललं असतं. एकाने वकिलाच्या नव्या मढवलेल्या खुर्चीवर तंगडी वर केली. वकिलाची खुर्ची! त्याला कोर्टात जायची धमकीसुद्धा द्यावी लागत नाही, तो रोज तिथेच असतो. त्याच दिवशी आमचं दोघांचं एकमत झालं की गठुडीचं ऑपरेशन करून टाकायचं. आमचं एकमत ही तशी दुर्मीळ गोष्ट.

बाजाराच्या पलीकडे जनावरांचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण जिभेला धार आहे. ऑपरेशन सुरळीत झालं. पोटावर एक आखूड, नीटस टाक्यांची रेघ. बाईंनी ह्यांच्याकडे बघून बजावलं, "गळ्यातला हा भोंगा काढायचा नाही, नाहीतर ती टाके चाटेल. उड्या नाहीत, अंघोळ नाही. आणि सकाळ-संध्याकाळ टाके बघायचे. हात नाही लावायचा, डोळ्यांनी बघायचं." ह्यांनी मान डोलावली. मान डोलावण्यात आमचे हे फार तयार.

भोंगा घालून गठुडी घरी आली आणि दाराच्या चौकटीवर आपटली, मग कोचावर आपटली, मग माझ्या पायावर. शेवटी भिंतीकडे तोंड करून बसली ती बसलीच. तो अपमान तिच्यापेक्षा ह्यांनाच सहन होईना. "ही काय लाउडस्पीकर आहे?" म्हणाले आणि भोंगा काढून टाकला. सुटल्यासुटल्या ती टाके चाटायला लागली. आता? भोंगा परत घालावा की नाही? छे! हे कापड काढून बसले.

बनवलं काय, तर पोटाला घालायचं एक जाकीट. आतून मऊ फोम, वरून रेक्झिन, म्हणजे धूळ नको, पाणी नको, जीभ नको. मापाला असं बसलेलं की बोट जाणार नाही. पायांना छोट्या पट्ट्या, कडेला गोट. आणि पाठीवर बंद केलं कसं? नाड्या नाहीत, बटणं नाहीत. ह्यांनी ते गठुडीच्या अंगावरच, वाकड्या सुईने, आपल्या त्या न दिसणाऱ्या टाक्याने शिवून टाकलं!

"अहो, बाईंनी रोज बघायला सांगितलंय. बघणार कसं?"

"बघायचं कशाला? आत काही जाणारच नाही."

खरं सांगते, दिसत झकास होतं. शेजारणी बघायला आल्या. एक म्हणाली, "आमच्या ह्यांच्या पोटाला एक शिवून द्या." गठुडी ऐटीत फिरली आणि हे सकाळ-संध्याकाळ तिच्याजवळ बसून पोटाखाली तळवा दाबायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "टणक." रोज आधीपेक्षा टणक लागत होतं आणि रोज हे आधीपेक्षा खूश होत होते. सोफ्यात टणक म्हणजे चांगलं. ह्यांच्या हातांना दुसरं काही शिकवलेलंच नव्हतं.

मग एका सकाळी तिने उकडलेल्या अंड्याकडे पाठ फिरवली. अंड्याकडे! हे म्हणाले, "गोळ्यांची गुंगी असेल." दुपारी ती पाणीही पिईना. मी तिच्याजवळ झाडू मारायला वाकले आणि वास आला. बादलीत भिजत राहून आंबलेल्या कपड्याचा येतो ना, तसा. मी जाकिटाच्या कडेशी हात लावला तर अंग भट्टीसारखं तापलेलं.

"अहो, उसवा हे."

"अगं, छान बसलंय, उगाच—"

"उसवा म्हणते ना!"

मी अशी ओरडले की समोरचा चांभार दारात आला. ह्यांनी कात्री घेतली, चष्मा लावला आणि शिवण शोधायला लागले. आणि सापडेना! स्वतःची शिवण, स्वतःच्या हातची, पाठीवरून बोटं फिरवताहेत आणि टाका हाती लागत नाही. गठुडी कण्हतेय, ह्यांच्या कपाळावरून घाम ठिबकतोय. शेवटी कापडच मधोमध कापलं.

आतलं मी सविस्तर सांगत नाही. पोट सुजून लालभडक झालं होतं, फोम चिकट ओला, आणि खालच्या टोकाचे टाके कातडीतून सुटून तिथून पू येत होता. आमचे हे जमिनीवर बसले. मीच दंडाला धरून उठवलं, मग गठुडीला चादरीत घेऊन दोघं मालाच्या गाडीतून दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि विचारलं, "भोंगा कुठेय?" मी रेक्झिनचा तुकडा पुढे केला. बाईंनी तो उलटसुलट केला. "हे कोणी शिवलं?" ह्यांनी भिंतीवरच्या मांजराच्या चित्राकडे बघितलं. बाईंना काय ते समजलं. त्या चिडल्या नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाल्या, "हवा लागली नाही, ओल साठली आणि ती आतल्या आत पिकली. पोटाच्या आतला थर धड आहे की नाही, ते उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. ताप खूप आहे. रक्तात पसरलं असेल तर..." गठुडीला ठेवून घेतलं.

परतताना गाडीत हे काय म्हणाले असतील? "रेक्झिनच खराब लागलं ह्या वेळी." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगली खरडपट्टी काढायची म्हणून वळले, तर ह्यांचे हात दिसले. मांडीवर उलटे पडलेले, रिकामे. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं.

घरी आल्यावर दुकानात जो शुकशुकाट, तो मला सोसवेना. हे एका खुर्चीपुढे बसून होते, हातोडी हातात, ठोकत नव्हते. तिला काही झालं तर हा माणूस कायमचा गप्प होईल, असं मला वाटत होतं. मग माझं डोकं दुखतंय, ते हे कुणाला सांगणार? मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. कुत्रीसाठी रडले का नवऱ्यासाठी, माहीत नाही. दोघांसाठी.

सकाळी दवाखाना उघडायच्या आत आम्ही दारात. बाई म्हणाल्या, "आतला थर शाबूत आहे. धुऊन काढलंय, नळी बसवलीय. पण ताप अजून उतरलेला नाही, आजचा दिवस जाऊ दे." गठुडी सलाईन लावून पडली होती. ह्यांना बघून शेपटीचं टोक तेवढं हललं. हे खाली वाकले, जखम बघितली आणि दचकले. "बाई, हे अर्धंच शिवलंय. उघडंच राहिलंय."

"मुद्दाम ठेवलंय. घाण बाहेर यायला वाट नको? तळापासून भरत भरत आपोआप वर येईल. वरून बंद केलं की आत कोंडतं."

हे नुसते त्या उघड्या जागेकडे बघत राहिले.

संध्याकाळी ताप उतरला. दुसऱ्या दिवशी तिने अंडं खाल्लं आणि बाईंच्या मदतनिसावर भुंकली. माझा जीव भांड्यात पडला.

घरी आणल्यावर आमच्या ह्यांनी जे केलं, ते मी कुणाचं केलेलं पाहिलं नाही. भोंग्याला अडेल असं सगळं दुकानातून हलवलं, गिऱ्हाइकांचे कोच शेजारच्यांच्या पडवीत नेऊन टाकले. ती आपल्याकडे उडी मारते म्हणून स्वतः बाकावर बसायचं सोडलं आणि गुडघे दुखत असताना जमिनीवर पसरून काम करायला लागले. उठताना "आई गं!" आणि बसताना "आई गं!" पाण्याचं भांडं हातात धरून भोंग्याच्या आत नेऊन तिला पाजायचे. आणि सकाळ-संध्याकाळ जखम धुवायची. ते एकट्याने होत नाही, एकाने धरायचं, दुसऱ्याने धुवायचं. मग धुताना माझ्याशी बोलणं आलंच. "अगं, बघ, काल इथवर होतं, आज गुलाबी आलंय." "अगं, हळू, तुझा हात गार आहे." इतकी वर्षं मी कुत्रीच्या आडून ऐकत आले, आणि आता हा माणूस सरळ माझ्या तोंडाकडे बघून बोलत होता. पण झाल्या गोष्टीबद्दल? अवाक्षर नाही. मीही विचारलं नाही.

जखम सावकाश भरली. कातडी थोडी चुण्या पडून जुळली, पण जुळली. भोंगा काढायला आम्ही दवाखान्यात गेलो, बाईंनी पोट बघितलं, "आता मोकळी," म्हणाल्या आणि गठुडी जी सुसाट बाहेर पळाली ती बाहेरच्या बाकांमध्ये घुसली.

तिथे एक बसचा ड्रायव्हर बसला होता, चांगला आडदांड, गणवेशात. मांडीवर त्याची कुत्री, तिचंही ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्याने वरून आपल्या हाताने एक जाड फडकं तिच्या पोटाला करकचून गुंडाळलं होतं. शेजारच्या बाईला कौतुकाने सांगत होता, "अजिबात हलत नाही बघा."

आमचे हे थांबले. परक्याशी चकार शब्द न बोलणारा हा माणूस त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला, आणि अख्ख्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहेब, ते सोडा. रोज उघडून बघा. मी बघितलं नव्हतं. मला सांगितलं होतं तरी बघितलं नाही. चूक माझीच होती."

ड्रायव्हरचा हात फडक्याच्या गाठीवर गेला. त्याने हळूच विचारलं, "मग? तुमची वाचली का?"

ह्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी पुढे झाले, ह्यांचा हात धरला, सगळ्यांसमोर धरला.

"वाचली हो," मी म्हटलं. "तुमच्या बुटाची नाडी खातेय ना, ती तीच."